पाव फेरा

रात्री पावणेतीनला
सिंकखालची नळी सुटली.
आवाज आधी झोपेत आला. वाटलं, कुणी
कडकडीत तेलात मासा सोडतंय.
मग पाय खाली टेकला, तर फरशी नव्हती,
साळावलीचं धरण होतं, घोट्यापर्यंत.

आधी बोट लावलं. मग फडका.
मग नवऱ्याची जुनी लुंगी, तिच्यावर पोळपाट,
आणि (हे कुणाला सांगू नका) पोळपाटाला पाठ लावून
मीच रेटून बसले.
पाण्याला माझ्या वजनाचं काही पडलं नव्हतं.

नवरा बोटीवर. तिथे तेव्हा किती वाजले होते कोण जाणे.
फोन नुसता वाजत राहिला
कुठल्या कुठल्या समुद्रापलीकडे.
एवढ्या पाण्यातला माणूस,
पण घरातल्या पाण्याचा कान कुठे पिळायचा
ते त्याने कधी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. तेही लिहायला हवं.

खालून कायतान आले,
छतातून उशीवर थेंब पडला म्हणून.
कुवेतमध्ये तीस वर्षं पाइप जोडलेला माणूस,
हातात टॉर्च, कवळी घरीच.
दारातच आधी मेन स्विच पाडला,
वॉशिंग मशीनची तार पाण्यात लोळत होती.
त्या अंधारात मी रडायला लागले, तेव्हा म्हणाले,
"पयलीं उदक बंद कर, बाये. मागीर रड."

कुठे बंद करू?

जिन्याखाली. नारळांच्या पोत्यामागे,
माटोळीच्या लाकडी चौकटीमागे, जी चतुर्थीपुरती निघते,
एक लोखंडी चाक.
कुडचड्याची सगळी खनिजधूळ त्यावर येऊन बसलेली.
आठ वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.
कायतानांनी त्याच्यावर खोबरेल ओतलं,
थोपटलं, जोर केला नाही,
थोडं मागे, थोडं पुढे, पुन्हा मागे,
हट्टी पोराला न्हाणीत न्यावं तसं.
चाक हललं.
वरचा आवाज
बोलता बोलता मध्येच थांबला.

मग रडायचं राहूनच गेलं.
सुपडीने पाणी बादलीत, बादली न्हाणीत,
छत भिजलं म्हणून ते एक अक्षर बोलले नाहीत.
फक्त तुटकी नळी टॉर्चखाली धरली:
वरून स्टीलची वेणी, आत रबर,
वेणीवर गंजाचे तीन ठिपके.
"हें तुका म्हयनोभर सांगतालें."
खरंच होतं.
साबणाचा खोका खालून भिजायचा,
आणि मी खोका बदलायचे.

उजाडताना पोदेराचा भोंपू वाजला.
कायतान तसेच खाली गेले, पाव घेऊन वर आले,
माझ्या ओल्या ओट्यावर चार ठेवले.

आता जिन्याखाली नवा वॉल्व्ह आहे,
लाल दांडी, पाव फेऱ्यात बंद.
महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो मिटते, उघडते,
नाहीतर हाही अंग धरेल.
पोतं हललं. चौकट माळ्यावर गेली.
समोरच्या दर्शिकाला, नववीत आहे, दांडी फिरवायला लावली.
ती म्हणाली, काकी, आता पुन्हा नाही ना फुटणार?
म्हटलं, फुटेल गं. कधीतरी फुटतंच.
म्हणून तर.

एप्रिलमध्ये नवरा आला.
सिंकखाली वाकून नव्या नळ्या बघितल्या,
नखाने वेणी खरवडली, मान हलवली,
मग उभा राहून, जरा इकडेतिकडे बघत,
"आपला मेन वॉल्व्ह कुठे गं?"

बोटीवरचे बावीस वॉल्व्ह
याला काळोखात सापडतात.

मी गॅस बारीक केला,
पिठाचा हात धुतला, नळ घट्ट मिटला,
आणि त्याला मनगटाला धरून
जिन्याखाली नेलं.